कोकम आगळासाठी ड्रम घेताना

रातांबे पिकायला लागले, आगळासाठी ड्रमची विचारणा सुरू झालीय. महाडला भंगारात केमिकलचे जुने निळे ड्रम स्वस्त मिळतात, ते आगळाला अजिबात नकोत. प्लास्टिकमध्ये मुरलेलं केमिकल कितीही धुवा, पूर्ण निघत नाही; पुढे तेच आगळात उतरतं. लोखंड, ॲल्युमिनियम, पितळ तर नाहीच. स्टील चकचकीत दिसतं, पण मीठ आणि आंबट एकत्र आलं की त्यालाही बारीक खड्डे पडतात.

नवा फूडग्रेड ड्रमच घ्या, पेला-काट्याची खूण बघून. २०० लिटरच्या एकापेक्षा ५० चे चार बरे. एक उघडला तरी बाकीचे बंद राहतात. गळ्यापर्यंत भरा, वर हवा राहिली की बुरशी धरते. किती ड्रम लागतील ते ग्रुपवर टाका, एकत्र मागवू.