गळ्यातला पट्टा

जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांवरचं सीसीटीव्ही चित्रण आता ज्याच्या त्याच्या मोबाइलवर फिरतं. चौकट ठरलेली : ओसरी, पुढचं अंगण, कडेला मोटारसायकल, पायरीशी झोपलेलं कुत्रं आणि मागे अंधारात उभा ऊस. बराच वेळ काहीच घडत नाही. आपली नजर मात्र उसाच्या कडेवरून हटत नाही. मग कुत्रं मान वर करतं.

मिखाएल हानेके यांचा ‘काशे’ (2005) हा सिनेमा पाहताना मला हेच अंगण आठवलं. पॅरिसच्या गल्लीतलं एक घर आणि जागचा न हलणारा कॅमेरा. पाहता पाहता चित्रावर आडव्या रेघा उमटतात नि उलगडतं, की ही टेप आहे, घरावर कुणीतरी पाळत ठेवली आहे. ती कुणी पाठवली, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. घरधन्याने मात्र लहानपणी खोटं बोलून एका अल्जेरियन पोराला घराबाहेर काढायला लावलेलं असतं. त्या पोराचे आईबाप 17 ऑक्टोबर 1961च्या मोर्चाला पॅरिसला गेले होते. त्या दिवशी पोलिसांनी अल्जेरियन मोर्चेकऱ्यांची कत्तल केली आणि ते दोघं परतले नाहीत. धंदेवाईक थरारपट झडप दाखवतो. हानेके झडपेआधीची शांतता दाखवतात, आणि त्या शांततेचं मूळ जुन्या हिंसेत शोधतात.

जुन्नरच्या शांततेलाही असा मागचा काळ आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस वाढला. बिबट्याला त्यात आडोसा मिळाला, वस्तीवर कुत्री नि शेळ्या मिळाल्या. फेब्रुवारी 2001पासून पकडलेले बिबटे मोठ्या प्रमाणावर दुसरीकडे नेऊन सोडणं सुरू झालं. वन्यजीव संशोधक डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा हिशोब मांडला. 1993 ते 2000 या काळात जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. 2001 ते 2003मध्ये ते 17वर गेले. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण दुप्पट झालं. नजरेआड केलं की प्रश्न मिटला, या समजुतीची किंमत वस्त्यांवरच्या लोकांनी मोजली. पुढे शेजारच्या अकोले तालुक्यात ट्रॅप कॅमेरे लावले, तेव्हा शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास 5 प्रौढ बिबटे आढळले, तेही माणसांच्या दाट वस्तीत. पाळत होती, पण ती समजून घेण्यासाठी ठेवलेली.

त्याच धडपडीतला ‘आजोबा’. 2009मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला हा वयस्कर बिबट्या बाहेर काढला, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडला. तो तिथून निघाला, महामार्ग नि रेल्वे ओलांडत, वसईची खाडी पोहत सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. वाटेत त्याने एकाही माणसावर हल्ला केला नाही. सुजय डहाके यांनी 2014मध्ये त्यावर ‘आजोबा’ सिनेमा केला. उर्मिला मातोंडकर त्यात संशोधक झाल्या. नकाशावर सरकणाऱ्या ठिपक्यासाठी प्रेक्षकाचा जीव वरखाली व्हावा, ही त्या सिनेमाची मोठी जमेची बाजू मला वाटते. खरा आजोबा डिसेंबर 2011मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला. पट्टा तोवर गळून पडला होता. शेपटीतल्या चिपवरून त्याची ओळख पटली.

2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जुन्नर वनविभागातल्याच शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबुत परिसरात काही आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसं गेली; त्यातली दोन लहान मुलं. लोकांनी महामार्ग अडवला. एका बिबट्याला गोळी घातली गेली. आणि पिंपरखेडची माणसं शेतावर जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागली, कारण बिबट्या मान धरतो. आजोबाच्या पट्ट्यामुळे त्याचा ठावठिकाणा कळत होता. हा पट्टा काहीच कळवत नाही. आपल्याकडे धनगराच्या कुत्र्याला असा पट्टा घालतात. तो बाईमाणसाच्या गळ्यात पाहताना माझ्या पोटात कालवलं.

कृषिपंपाला वीज रात्रीची आली, की उसाला पाणी द्यायला, दारं धरायला रात्रीच जावं लागतं. या उसावर कुणी मराठी थरारपट करणार असेल, तर पहिलं दृश्य तिथलं असावं. कॅमेरा पट्टा घालून दारं धरणाऱ्या बाईच्या पाठीमागे, उसाकडे तोंड करून ठेवावा. बॅटरीचा झोत, पट्ट्याचे खिळे, सरीतून पुढे सरकणारं पाणी. वाफा भरेपर्यंत कॅमेरा हलवू नये.