चोवीस सेकंदांचे गणित

स्वयंचलित अर्धफाटक, म्हणजे गाडीच्या चाहुलीने आपोआप खाली येऊन रस्त्याची एकच बाजू अडवणारे फाटक, इंग्लंडमधील हिक्सन येथे गाडीपूर्वी जेमतेम 24 सेकंद इशारा देत असे. मोटारीला तेवढे पुरत. परंतु 6 जानेवारी 1968 रोजी 120 टनांचे रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, वाहणारे सुमारे 45 मीटर लांबीचे वाहन वरच्या विद्युत तारांच्या धास्तीने ताशी सुमारे 3.2 किलोमीटर वेगाने रूळ ओलांडत होते, आणि या वेगाने निव्वळ स्वतःच्या लांबीइतके सरकण्यासच 50 सेकंद लागतात. एक्स्प्रेसच्या धडकेत 11 जण दगावले. फाटकाजवळ दूरध्वनी होता, अवजड वाहनाने आधी सिग्नलमनला विचारावे असा नियमही होता. मात्र सोबतच्या पोलिसांनाही तो ठाऊक नव्हता.