पित्याच्या छातीची ऊब

नवजात शिशू अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर तिष्ठत उभा असलेला पिता, हे आमच्या रुग्णालयातील नित्याचे दृश्य आहे. औषधे आणणे व बिल भरणे एवढेच आपले काम, अशी त्याची समजूत असते. आमच्या जुन्या नियमांनीही ती दृढ केली, हे आम्ही नम्रपणे मान्य करतो.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळास शरीराची ऊब टिकविणे कठीण जाते. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे इनक्युबेटरच्या टंचाईमुळे डॉ. एडगर रे यांनी बाळाला मातेच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची पद्धत सुरू केली. हीच ‘कांगारू मदर केअर’ होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीनुसार अशा बाळास ही ऊब दिवसाकाठी ८ ते २४ तास मिळावी. सिझेरियन झालेल्या मातेस हे एकटीने कसे झेपावे? दूध मातेनेच पाजावयाचे. ऊब मात्र पिताही देऊ शकतो. त्या स्पर्शातून जिव्हाळा जुळतो आणि पुढे बाळाला सांभाळताना त्याचा संकोच उरत नाही.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यास १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. रोजंदारीवरील पित्यास एका दिवसाचा खाडाही परवडत नाही. म्हणून आम्ही सायंकाळी कामावरून येणाऱ्या पित्यांसाठी विभागाचे दार खुले केले आहे. त्यासाठी हवी एक आरामखुर्ची आणि आडोशाला पडदा. दात्यांनी तेवढा भार उचलावा. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी ‘पुरुषाला काय जमणार’ असे म्हणून त्याला मागे सारू नये, ही विनंती.