बावन्न आकड्यांचा नकाशा

मेंदूच्या डॉक्टरांच्या बोलण्यात ‘एरिया सतरा’, ‘एरिया चार’ हे शब्द इतक्या सहज येतात, की निसर्गानेच मेंदूवर सर्व्हे नंबर टाकून दिलेत असं ऐकणाऱ्याला वाटावं. नंबर टाकले ते कोर्बिनियान ब्रॉडमन या जर्मन डॉक्टरांनी. बर्लिनच्या प्रयोगशाळेत मेंदूचे पातळ काप रंगवून ते वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहिले आणि १९०९ साली त्यांचा ग्रंथ निघाला. त्यातल्या नकाशाचे आकडे ५२पर्यंत जातात. मात्र १३ ते १६ हे आकडे माणसाच्या मेंदूवर शोधू नयेत. त्या जागा ब्रॉडमन यांना इतर प्राण्यांत दिसल्या होत्या. याच माणसाचा अध्यापनाच्या पात्रतेसाठी दिलेला प्रबंध बर्लिनमध्ये नाकारला गेला होता. विद्यापीठं सगळीकडे सारखीच.

हा नकाशा कॉर्टेक्सचा, म्हणजे मोठ्या मेंदूवरच्या करड्या आवरणाचा. जाडी दोन ते चार मिलिमीटर. घड्या उलगडून पसरलं तर दोन्ही बाजूंचं मिळून साधारण २,००० चौरस सेंटिमीटर भरतं आणि त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग खाचांत दडलेला असतो. एवढ्यात सुमारे १,६०० कोटी चेतापेशी. पूर्ण मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूत आहेत. पेशी मोजून बुद्धी मोजू पाहणाऱ्यांची इथेच पंचाईत होते.

कॉर्टेक्समध्ये बहुतेक ठिकाणी सहा पदर सापडतात. डोळा, कान, त्वचा यांच्याकडून निघालेली खबर थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या टपालनाक्यामार्गे मुख्यतः चौथ्या पदरात उतरते. दुसरा आणि तिसरा पदर कॉर्टेक्सच्याच इतर भागांशी संधान बांधतात, पाचव्यातून हुकूम खाली सुटतात, सहावा थॅलॅमसला उलट निरोप धाडतो. ब्रॉडमन यांनी हद्दी आखल्या त्या या पदरांची जाडी आणि दाटी पाहून. एरिया चार हालचालींचा. तिथे चौथा पदर जवळजवळ गायब, तर पाचव्यात बेट्झ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धिप्पाड पेशी, ज्यांचे तंतू मज्जारज्जूत पार खालपर्यंत जातात. एरिया सतरा दृष्टीचा. तिथला चौथा पदर इतका फुगलेला, की त्यातला पांढरा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पार्मामधल्या फ्रांचेस्को जेनारी या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने तो १७७६ सालीच, गोठवलेला मेंदू कापताना पाहिला होता.

रचना वेगळी, म्हणून काम वेगळं, आणि ते काम त्या जागेचंच, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. मला ही समजूत अर्धीच खरी वाटते. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले आणि अमेरिकेत एमआयटीत संशोधन करणारे मृगांक सूर यांनी फेरेट या छोट्या मांसाहारी प्राण्याच्या पिलांवर एक प्रयोग केला. कानाकडून थॅलॅमसला येणारे तंतू तोडल्यावर डोळ्याचे तंतू त्या मोकळ्या जागेत शिरले. पिलं मोठी झाली तेव्हा त्यांच्या ऐकण्याच्या कॉर्टेक्समधल्या पेशी उभ्या, आडव्या, तिरक्या रेषा वेगवेगळ्या ओळखत होत्या. त्यांची मांडणी खऱ्या दृष्टी-कॉर्टेक्सइतकी नीटस नव्हती. तरी २००० साली सूर यांच्या गटाने दाखवलं, की या वाटेने आलेला प्रकाश त्या प्राण्यांना आवाज वाटत नाही, प्रकाशच वाटतो.

माणसात असा प्रयोग कोण करणार? पण आजार कधी कधी तो करून दाखवतो. ब्रेल सफाईने वाचणाऱ्या एका जन्मांध बाईंना पक्षाघाताचा झटका आला आणि मेंदूच्या मागच्या भागातला दोन्हीकडचा दृष्टी-कॉर्टेक्स निकामी झाला. बोटांना ठिपके पूर्वीसारखे लागत होते. वाचन मात्र गेलं. ज्या जागेत प्रकाश कधी पोचलाच नाही, तिथे त्यांची अक्षरं वस्तीला होती.

भाषेची गोष्ट याहून जुनी. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक रुग्ण ‘तान’ या एका अक्षराखेरीज फारसं काही बोलू शकत नसे. १८६१ साली तो वारला आणि तिथले डॉक्टर पॉल ब्रोका यांनी त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागातली इजा दाखवून वाणीची जागा ठरवली. ब्रोका यांनी तो मेंदू कापला नाही, जपून ठेवला, हे आपलं नशीब. २००७ साली त्याचं एमआरआय प्रसिद्ध झालं. इजा पृष्ठभागावर थांबली नव्हती. पुढचा आणि मागचा कॉर्टेक्स जोडणाऱ्या खोलवरच्या तंतूंचा जुडगाही तुटलेला होता. ब्रोका चुकले असं कुणी म्हणू नये. पण ‘तान’ची वाचा एका जागेबरोबर गेली, तशी त्या जागेच्या सोयरिकींबरोबरही गेली.

विचार, नियोजन, मनाला आवर घालणं, ही कामं तर प्रामुख्याने अशा सोयरिकींवरच चालतात. कपाळामागच्या कॉर्टेक्सला डोळ्याचा की कानाचा असा स्वतःचा एकच मालक नाही; तो बाकी सगळ्यांशी बोलतो. १९७० च्या दशकात माकडांमध्ये असं दिसलं, की खाऊ कुठे ठेवला हे दाखवून मध्ये पडदा टाकला, तर तिथल्या काही पेशी पडदा उठेपर्यंत धगधगत राहतात. मोबाइलवर आलेला ओटीपी दुसऱ्या खिडकीत टाकेपर्यंत आपण तो असाच धरून ठेवतो. हा भाग पक्का व्हायला वयाची पंचविशी उजाडते, हे आईबापांनी लक्षात ठेवलेलं बरं.

२०१६ साली २१० तरुण माणसांच्या एमआरआयवरून नवा नकाशा निघाला. दर बाजूला १८० भाग, पैकी ९७ नव्याने आखलेले. भाषेशी निगडित ‘५५बी’ नावाचा तुकडा तर काही जणांत शेजाऱ्यांच्या तुलनेत सरकलेला सापडला. म्हणून भाषेच्या भागाजवळची गाठ काढताना शल्यविशारद छापील नकाशावर विसंबत नाहीत. रुग्णाला शस्त्रक्रियेच्या मध्यात जागं करतात. कॉर्टेक्सला स्वतःला वेदना कळत नाही, त्यामुळे हे जमतं. चित्रं दाखवून नावं विचारतात आणि एकेका जागी विजेचा हलका स्पर्श करतात. जिथे रुग्ण ‘हे... हे...’ करत अडखळतो, तिथे खूण करतात आणि त्या जागेला धक्का न लावता पुढे जातात.