जीएसटीचा दर बदलला, प्रोग्रॅम किती ठिकाणी बदलायचा? उत्तर आजोबांच्या पावकी-दिडकीत आहे

इंदूर : २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे नवे दर लागू झाले. पाकीटबंद, लेबल लावलेल्या नमकीनवरचा कर १२ टक्क्यांवरून थेट ५ टक्के झाला. इंदूर म्हणजे शेव-नमकीनचं गाव. म्हणजे तिथल्या दुकानांच्या बिलिंगच्या प्रोग्रॅममध्येही त्या दिवसापासून बदल करणं आलंच. आता प्रश्न असा, की प्रोग्रॅममध्ये '१२' हा आकडा चाळीस ठिकाणी लिहून ठेवला असेल तर? एकोणचाळीस ठिकाणी बदलला आणि एक राहिला, तर गिऱ्हाइकाकडून जास्त पैसे घेतले जातात आणि हिशेब जुळत नाही.

खानदेशातून शिकायला, नोकरीला इंदूर गाठणाऱ्या मुलांना कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये 'फंक्शनल प्रोग्रॅमिंग' हा शब्द कानावर येतो. नाव जड वाटतं, पण मूळ कल्पना वरच्या अडचणीवरचाच तोडगा आहे.

बेरीज म्हणजे एक यंत्र

फंक्शन म्हणजे काय, तर पिठाची गिरणी. वरून गहू टाका, खालून पीठ घ्या. बेरजेच्या फंक्शनला दोन आकडे द्यायचे, ते एक आकडा परत देतं. तेच आकडे दिले तर उत्तर दरवेळी तेच, आणि बाकी कशालाही ते हात लावत नाही. म्हणून ते एकदा तपासलं की कुठेही बिनधास्त वापरता येतं.

पायथॉन या भाषेत 'ऑपरेटर' नावाचं मॉड्यूल तयारच मिळतं. त्यात बेरजेला 'अ‍ॅड', वजाबाकीला 'सब', गुणाकाराला 'मल' अशी नावं आहेत. ही कल्पना काही आजची नाही. १९५८ साली जॉन मॅकार्थी यांनी सुरू केलेल्या लिस्प भाषेतही अधिकचं चिन्ह हे एक फंक्शनच आहे. नाव असलं की बेरीज एखाद्या वस्तूसारखी दुसऱ्या फंक्शनच्या हातात देता येते.

दिडकी म्हणजे अर्धा भरलेला गुणाकार

जुन्या मराठी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. सोळाची पावकी चार, दिडकी चोवीस, अडीचकी चाळीस. नीट बघा, इथे गुणाकार एकच आहे. त्यातला एक आकडा आधीच पक्का केलाय, एवढंच. दिडकीत दीड पक्का, पावकीत पाव पक्का. दुसरा आकडा तेवढा द्यायचा.

प्रोग्रॅमिंगमध्ये हेच काम पायथॉनचं 'पार्शल' करतं. एक मूळ फंक्शन लिहायचं : दर आणि रक्कम द्या, रकमेत तेवढे टक्के मिळवून परत देतो. त्यात दर ५ पक्का केला की 'पाच टक्के' नावाचं नवं फंक्शन तयार. दर १२ पक्का केला की 'बारा टक्के' तयार. सूत्र मात्र एकाच जागी राहतं.

बिल कसं बनतं

समजा बिलात करापूर्वीच्या तीन रकमा आहेत : २००, ३५० आणि ४५० रुपये. 'मॅप' हे फंक्शन यादीतल्या प्रत्येक रकमेवर 'पाच टक्के' चालवतं : २१०, ३६७.५० आणि ४७२.५०. मग 'रिड्यूस' बेरीज हातात घेऊन यादी एकेक करत गोळा करतं. एकूण १०५० रुपये. हेच 'बारा टक्के'ने केलं तर ११२०. बदललं काय? फक्त एक नाव.

मग कुणी म्हणेल, दर एका जागी ठेवून तिथला आकडा बदलला तरी भागेल की! नाही भागत. ऑगस्टमधलं बिल परत छापायचं झालं, किंवा त्या बिलावरचा माल परत आला, तर हिशेब १२ टक्क्यांनीच करावा लागतो. आकडाच पुसून टाकला तर जुनी बिलंही नव्या दराने निघतील. दोन फंक्शन शेजारी-शेजारी ठेवली आणि बिलाची तारीख बघून योग्य ते निवडलं, की हा घोळ होत नाही.

दोन ठिकाणी जपून

पहिलं, क्रम. बेरीज-गुणाकार कुठूनही सुरू करा, उत्तर तेच. वजाबाकीचं तसं नाही. १००, २० आणि ५ ही यादी डावीकडून घेतली तर ७५ उरतात, उजवीकडून घेतली तर ८५. 'रिड्यूस' डावीकडून चालतं, हे लक्षात ठेवा. यादी रिकामी असेल तर सुरुवातीचा आकडाही द्यावा लागतो : बेरजेला ०, गुणाकाराला १. गुणाकाराला ० दिला तर सगळंच शून्य.

दुसरं, पैशांची गोळाबेरीज. साडेदहा रुपयांच्या एका पाकिटावर ५ टक्के कर होतो ५२.५ पैसे, म्हणजे ५३. तीन पाकिटांचे १५९ पैसे. पण आधी तिन्हींची बेरीज करून कर काढला तर १५७.५, म्हणजे १५८. एका पैशाचा फरक! दिवसाला हजार बिलं फाडणाऱ्या दुकानात तो ताळेबंदात दिसतोच. म्हणून पूर्णांक करण्याचंही वेगळं फंक्शन ठेवा आणि ते नेमकं कुठे लावायचं हे आधीच ठरवा.

सराव करायचा असेल तर घरच्या किराण्याचं एक बिल घ्या. त्यातली आकडेमोड चार-पाच छोट्या फंक्शनमध्ये मांडा, प्रत्येकाला नाव द्या, मग दर बदलून बघा. एकाच जागी हात लावून काम झालं, तर गोष्ट समजली म्हणायची. आणि घरात कुणाला पावकी-दिडकी पाठ असेल, तर उत्तरं त्यांच्याकडूनच तपासून घ्या.