पडद्यावरचे गुरुजी आणि घरातली सतरंजी

योगासनांचे नाव काढले की दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतात, ‘ते ऋषिमुनींचे काम, आपल्याला कुठले जमायला!’ दुसरी म्हणतात, ‘त्यात काय आहे? मोबाइलवर पाहून कोणीही करील!’ साठी उलटल्यावर गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा मी या दोन मतांच्या मधोमध आपली सतरंजी अंथरली. आज दोन वर्षांच्या अनुभवावरून चार शब्द सांगते.

कारण तसे मोठे नव्हते, पण माझ्या लेखी लहानही नव्हते. जमिनीवर बसले की उठताना कुणाचा तरी हात लागे. रांगोळी, पूजा, नातवंडांशी पत्ते, सारे एकेक करून खुर्चीवर चढू लागले. आज उठायला हात लागतो, उद्या चालायला लागेल, ही भीती मनात घर करून बसली. शेवटी डॉक्टरांना विचारले. माझा रक्तदाब वाढलेला. म्हणून डोके खाली नेणारी आसने वर्ज्य करून त्यांनी बाकीच्यांना परवानगी दिली. वर्ग लांब, गुडघे हे असे. तेव्हा सूनबाईंनी टीव्हीवरच व्हिडिओ लावून दिला.

‘पडद्यावर पाहून का कुठे योग येतो?’ असे शेजारच्या काकूंनी विचारलेच. पण चित्र पाहून शिकण्याची रीत काही आजची नव्हे. १९३८ साली कृष्णमाचार्य आणि त्यांचे तरुण शिष्य बी. के. एस. अय्यंगार यांच्या आसनांचे मूक चलच्चित्र घेतलेले आहे. अय्यंगारांच्या १९६६ च्या ‘लाइट ऑन योगा’ या पुस्तकात सुमारे सहाशे छायाचित्रे आहेत. त्याआधीच योगेंद्रजींनी १९१८ मध्ये मुंबईत योग संस्था काढली, १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम उभारले, आणि योग तुमच्याआमच्यासारख्या संसारी माणसांच्या आवाक्यात आला.

मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. पडद्यावरचे गुरुजी आपल्याला दिसतात. आपण त्यांना दिसत नाही. वर्गातले गुरुजी जवळ येऊन खांदा खाली करतात, ‘बाई, श्वास कोंडू नका’ म्हणून बजावतात. ते काम घरी आपल्यालाच करावे लागते. आमच्याकडे ते आमच्या ह्यांनी पत्करले आहे. वर्तमानपत्राच्या आडून आवाज येतो, ‘अगं, डावा खांदा कानाला लागला!’ राग येतो, पण खांदा खाली जातो.

आणखी काही गोष्टी मी ठरवून घेतल्या आहेत. नवा व्हिडिओ पहिल्या दिवशी नुसता बसून पाहायचा, करायचा दुसऱ्या दिवशी. गुरुजी आपल्याकडे तोंड करून उभे असले की त्यांचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला दिसतो. म्हणून हात पाहण्यापेक्षा शब्द ऐकावेत. उताणे निजल्यावर मान वळवून पडद्याकडे मुळीच पाहू नये. आसन कोणी करू नये आणि ते सोडायचे कसे, हे जे सांगतात, तेच गुरुजी निवडावेत.

माझा पाठ वीस मिनिटांचा. आधी खुर्चीत बसून घोटे फिरवायचे, श्वास घेत हात वर न्यायचे. मग भिंतीजवळ ताडासन. त्यानंतर गुडघ्यांखाली जाड घडी घालून मार्जारासन, उताणे निजून एकेका पायाचे पवनमुक्तासन आणि शेवटी शवासन. वज्रासनाच्या वेळी मी खुशाल खुर्चीत बसून राहते; गुरुजी रागावत नाहीत! शवासनात मात्र मध्येच साबणाची जाहिरात किंचाळते, त्याला इलाज एकच: तेवढ्यापुरता पडदा बंद.

आसन स्थिर आणि सुखाचे असावे, असे पतंजलींनी सांगून ठेवले आहे. घरी करणाऱ्याला याहून चांगले माप नाही. स्नायूला हलकासा ताण बसला तर ठीक; सांध्यात कळ आली, चक्कर आली किंवा श्वास अडखळला, की तिथेच थांबावे. पडद्यावरची तरुण मुलगी कपाळ गुडघ्याला लावते म्हणून आपण लावायलाच हवे, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

गुडघे काही नवे झाले नाहीत, जिना अजून सावकाशच चढते. पण स्टुलावर एक हात टेकून मी जमिनीवरून आपली आपण उठते. यंदा उंबऱ्याशी ठिपक्यांची रांगोळी खाली बसून काढली. मला त्याचे अप्रूप फार.

वाचक भगिनींनो, दिवाळीच्या दिवसांत फराळ सोडून आसने करा, असे मी म्हणणार नाही. भरल्या पोटी तेवढी करू नका. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. कुणाला रक्तदाब, काचबिंदू, हर्निया असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि भाऊबिजेची गडबड आटोपली, की माळ्यावरची सतरंजी खाली काढा. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुष्कळ झाली.