बातमी वेळेवर पोहोंचणें

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं अनेकांचे वडील पिंपरी, भोसरी किंवा चाकण येथील कारखान्यांत पाळीवर जातात. तेथें एक शिस्त कसोशीनें पाळली जाते. एखाद्या सुट्या भागाचें ड्रॉइंग बदललें, म्हणजे त्यावर सुधारणेचा नवा क्रमांक पडतो व जुनें ड्रॉइंग यंत्राजवळून उचललें जातें. जुन्या ड्रॉइंगवरून कारागिरानें कितीही सफाईनें काम केलें, तरी माल नापास ठरतो. त्याच्या हातांत कसब असतें. बातमी मात्र पोहोंचलेली नसते.

सॉफ्टवेअरचीही हीच गोष्ट आहे. आणि कारखान्यांतील यंत्रें, वखारी व हिशेब हल्लीं सॉफ्टवेअरवर चालत असल्यामुळें ती समजून घेणें अगत्याचें आहे. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकानें काय करावें हें सांगणाऱ्या आज्ञांची मालिका. ती मनुष्यानें रचलेली असल्यामुळें तींत चुका राहतात. चूक सांपडली म्हणजे कर्ता दुरुस्ती प्रसिद्ध करतो. परंतु दुरुस्ती पाहून चूक कोठें होती हें चोरासही ताडतां येतें. यास्तव दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यापासून ती आपल्या यंत्रांत बसेपर्यंतचा काळ फार धोक्याचा होय.

२०१७ सालीं याचा अनुभव साऱ्या जगास आला. त्या वर्षीं १४ मार्च रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एका गंभीर दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध केली. १२ मे रोजीं 'वॉनाक्राय' नांवाचा उपद्रवी प्रोग्राम त्याच दोषावाटे देशोदेशीं पसरला. संगणकांतील कागदपत्रें कुलूपबंद करून तो खंडणी मागे. इंग्लंडांतील रुग्णालयांचीं कामें खोळंबलीं. रेनोच्या मोटारींच्या कारखान्यांत उत्पादन थांबवावें लागलें. दुरुस्ती हातीं येऊन तोंवर एकोणसाठ दिवस लोटले होते!

पुढें २७ जून रोजीं 'नॉटपेट्या' हा दुसरा प्रोग्राम युक्रेनांतील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुटला. मर्स्क या डॅनिश जहाजकंपनीचा कारभार त्यानें ठप्प केला, आणि आपल्या न्हावा शेवा बंदरांतील तिच्या समूहाच्या टर्मिनलवरील कामही अडलें. युक्रेनांतील हिशेबाचा रायगड जिल्ह्यांतील कंटेनरांशीं काय संबंध, असें कोणी विचारील. जाळ्यानें जोडलेल्या यंत्रांस गांवाची वेस नसते, हेंच त्याचें उत्तर. हा प्रोग्राम पासवर्ड चोरून दुरुस्त केलेल्या यंत्रांतही शिरे. म्हणून केवळ दुरुस्तीवर विसंबून भागत नाहीं. मर्स्कचा कारभार पुन्हां उभा करण्यास घाना देशांतील एक संगणक उपयोगीं पडला, कारण वीज गेल्यामुळें तो त्या वेळीं जाळ्यापासून तुटलेला होता. महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत निराळी ठेवावी, हा धडा यांतून मिळतो.

मग या विषयाची प्रत्येक बातमी वाचावी काय? तसें केल्यास अभ्यासास वेळ उरणार नाहीं, आणि तशी गरजही नाहीं. टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेंत वेबची योजना मांडली. तींतून निघालेली एचटीएमएल ही लेखनपद्धति सुधारत सुधारत आजही चालूं आहे. पाया सावकाश बदलतो. नवीं नांवें मात्र रोज येतात. ज्यानें पाया नीट शिकला, त्यास नव्या नांवांची भीति वाटत नाहीं.

आमची सूचना तीन गोष्टींची आहे. आपण कोणतें सॉफ्टवेअर वापरतों त्याची यादी करावी. त्याविषयींची बातमी त्याच्या कर्त्याकडून, अथवा केंद्र सरकारच्या २००४ पासून कार्य करीत असलेल्या 'सर्ट-इन' या संस्थेच्या सूचनांतून घ्यावी. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेल्या मजकुरावर भिस्त ठेवूं नये. आणि आठवड्यांतील एक ठराविक वेळ या कामास द्यावी. पालकांच्या मोबाइलवर थांबून राहिलेली दुरुस्ती बसवून देणें, हा आरंभ विद्यार्थ्यांस आजच करतां येईल.

शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. तेल विकत मिळत होतें. पांच जणींनीं तें वेळेवर घेतलें नव्हतें, एवढेंच.